दर गुरुवारी मी वावरात

पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलणं, हे आमचं दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. बुधवार होता. सकाळचे नऊ वाजले असतील. सपरीत ऊन आलं होतं. घरापुढच्या या सपरीतच आमचं हिवाळ्यात सारं चालते. मी खाटेवर बसलो होतो, बुढी खाली पोत्यावर, मधात सूप. मी सोललेले दाणे ती परत पाहायची. किडका निघाला की बोटात धरून माझ्या डोळ्यापुढं न्यायची.

"हा कोनं टाकला?"

"तूच टाकला असशील."

"माया हातून किडका सुटत नाही. उभ्या जल्मात एकच सुटला," म्हणाली, अन् माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं.

अशी होती. मी बायकोला बुढी म्हणतो. जिवंतपणीही बुढीच म्हणत होतो, आता मेल्यावर नवं नाव कुठून आणू.

मग सुपातून हात न काढता ती म्हणाली, "उद्या गुरुवार."

"मंग?"

"उद्या तुमी बसा फोनासमोर. त्या पोराइचा वर्ग आता सरते. पुढच्या गुरुवारी परीक्षा, मंग सुट्ट्या, मंग नवे पोरं. याइनं तुमाले एकडावही पाह्यलं नाही."

"मले वावरात काम हाये."

"वावरात तर तुमी दर गुरुवारीच असता," ती म्हणाली, अन् हसली नाही.

शेंगा सोलत राहिलो. हे गुरुवारचं काय होतं ते सांगायचं तर पोरीपासून सुरुवात करावी लागते.

आम्हाला एकच पोरगी. गावच्या शाळेत शिकली, मग लाखांदूरला, मग भंडाऱ्याला खोली करून. इंग्रजी घेतलं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला काय समजणार. मी एवढंच म्हटलं, "इंग्रजी बोलशील कोनासंग? म्हशीसंग?" ती हसली. तिला वाटलं मी मजाक करतो. मी मजाक करत नव्हतो.

शिकून झाल्यावर तिनं इकडच्या एकदोन शाळेत वरसा-वरसाच्या कामावर शिकवलं. उन्हाळा आला की काम सुटायचं. मग एक दिवस सांगते की थायलंड देशात शाळा आहे, तिथं इंग्रजीचे मास्तर पाहिजेत, फोनावरच मुलाखत झाली, घेतलं. मी जेवत होतो. ताट सरकवलं. "आपल्या गावच्या पोराइले धड इंग्रजी येत नाही अन् तू परक्याच्या पोराइले शिकवाले चालली," असं म्हटलं. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. बुढी मधात पडली नाही. सकाळी उठून तिनं पोरीच्या पेटीत लाखोळीची डाळ भरली, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वड्या भरल्या, तेव्हा मला समजलं की घरात दोन मतं एका बाजूला आहेत अन् माझं एक दुसऱ्या बाजूला.

गेली. एसटीत चढताना "येतो माय, येतो बाबा" म्हणाली. आमच्याकडं निघताना जातो म्हणत नाहीत, बायामाणसंही येतो म्हणतात. बुढी म्हणाली, "ये माय." मी गाडीच्या टायरकडं पाहत होतो. पाहण्यासारखं काही नव्हतं त्या टायरमध्ये.

आता या येतोचीच एक गंमत. पहिल्या दिवशी वर्गात तिचा तास सरला. चाळीस पोरं, आठ-नऊ वर्षांची. सवयीनं ती त्यांना म्हणाली, "ओके चिल्ड्रन, आय ॲम कमिंग." अन् निघून गेली मास्तरांच्या खोलीत. पोरं जागेवरच. दुसरा मास्तर आला, पोरं त्याला वर्गात घेईनात. म्हणे टीचर येऊन राहिली, तिनं सांगितलं येतो म्हणून. मधली सुट्टी झाली तरी पाचसहा पोरं दारात उभी.

हे तिनं फोनवर सांगितलं तर बुढी इतकी हसली की तिला ठसका लागला. अन् ठसका थांबल्यावर म्हणते काय, "बरोबरच बोलली तू. पोराइसमोर जातो कायले म्हनाव? त्याइलेही शिकव." तेव्हापासून त्या वर्गातली पोरं सुटताना बाय नाही म्हणत. कमिंग म्हणतात. तिकडच्या एखाद्या साहेबानं ऐकलं तर माझ्या पोरीची नोकरी जाईल असं मला वाटायचं. पण कोणी विचारलं नाही. तिकडं कोणालाच धड इंग्रजी येत नव्हतं, असं पोरगी म्हणायची, म्हणून तर तिला बोलावलं.

मी फोनवर कमी बोलायचो. पण ऐकायचो सारं. बुढी सपरीत खाली बसून बोलायची, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून. मी बाजूच्या खाटेवर, दोन हातांच्या अंतरावर, फोनात दिसणार नाही असा. त्यामुळं पोरीचा दिवस मला पाठ झाला.

ती सकाळी साडेपाचला उठते. तिथं साडेपाच म्हणजे आपले चार. भाताचं पाणी ठेवते. तिच्या गावाच्या चारही बाजूंनी धानच आहे म्हणे, पण तांदूळ चिकट, हातानं गोळा करून खातात. पहिल्या महिन्यात तिनं तो आपल्यासारखा शिजवला अन् गंज, म्हणजे पातेलं, घासता घासता रडली. मग स्कूटरवर शाळेत. सात वाजता फाटकावर उभं राहावं लागते, प्रत्येक मास्तराची पाळी असते. पोरं येतात, दोन्ही हात जोडून वाकतात, ही पण हात जोडते. दोन-अडीचशे नमस्कार होतात रोज. बुढी म्हणाली, "देवळातल्या देवालेही एवढे भेटत नसन." मग झेंडा, मग गाणं. प्रत्येक वाराला रंग ठरलेला. सोमवारी पिवळं घालतात. वर्गाबाहेर साऱ्यांनी चपला काढायच्या, मास्तरनीनं पण. तिच्या चपला पोरं रोज सरळ लावून ठेवतात, तोंड बाहेरच्या बाजूनं, म्हणजे निघताना पायात पटकन जावं.

दिवसाला पाच तास. चाळीस पोरांचा एक वर्ग, असे पाच वर्ग. तीच चार वाक्यं पाच वेळा. घसा बसतो. मग कोमट पाण्यात मीठ. दुपारी ताटात भात अन् काहीतरी रस्सा, पोरांबरोबर बसूनच खायचं, अन् कोण काय खात नाही ते पाहायचं. उरलेल्या वेळात वह्या. पोरांना शेवटचं अक्षर बोलता येत नाही. राईसला राय म्हणतात, फील्डला फिल. ती समोर उभी राहून जीभ दाताला कशी लावायची ते दाखवते. आरसा घेऊन जाते वर्गात, पोरांना आपलंच तोंड पाहायला लावते. हे ऐकून मी खाटेवरून म्हटलं, "मास्तरीन हाये का न्हावी?" फोनातून आवाज आला, "बाबा ऐकून राहिले का?" बुढी म्हणाली, "नाही व माय, ते वावरात हायेत."

पहिलं खोटं ते. मीच बोटानं खूण केली होती, मी नाही म्हणून सांग.

मग पोरीनं गुरुवारचं काढलं. पोरं पुस्तकातली वाक्यं पाठ म्हणायची, पण खऱ्या माणसाला काही विचार म्हटलं की तोंड बंद. तर तिनं ठरवलं, दर गुरुवारी माझ्या मायला फोन लावते, तुम्ही तिला विचारा. तिला पण इंग्रजी येत नाही, तुम्हाला पण येत नाही, कोणी कोणाला हसणार नाही. तिथले साडेनऊ, आपले आठ. शाळेचा फोन, मोठ्या पडद्यावर चित्र.

बुढी दुसरी पास. सही करायला तिला अर्धा तास लागायचा. पण गुरुवारी सकाळी डोकं धुवायची, चांगलं लुगडं नेसायची अन् आठ वाजता डब्यासमोर बसायची, जशी काय भंडाऱ्याच्या कचेरीत तिला कोणी साहेब करून बसवलं. चाळीस पोरं एकदम ओरडायची, "गुड मॉर्निंग, ग्रँडमदर." ती म्हणायची, "गुड मॉर्निंग, माया लेकराइनो." हाऊ आर यू. आय ॲम फाईन. व्हॉट डिड यू ईट. राईस अँड वांगा. वांग्याला काय म्हणतात ते पोरीनं दहादा सांगितलं, ही वांगाच म्हणायची. आता थायलंडच्या त्या गावात चाळीस पोरं वांग्याला वांगा म्हणतात.

अन् मग पोरं विचारायची, "व्हेअर इज ग्रँडफादर?"

बुढी माझ्याकडं पाहायची. मी हात हलवायचो.

"ग्रँडफादर इन फील्ड," ती म्हणायची.

पहिल्या बाकावर एक पोरगी बसायची. काडीसारखी बारीक, कपाळावर केस कापलेले. ती उभी राहायची, बोट वर करायची अन् म्हणायची, "ही इज इन द फील्ड, ग्रँडमदर." इजवर असा जोर द्यायची की फोन हलावा. बुढीला तिचं भारी कौतुक. "मास्तरीन हाये ती तर. तुयी नौकरी खाते पाहाय," असं पोरीला सांगायची.

आमची पोरगी समजवायची, "माय, इज म्हणजे हाये. ते नसलं तर वाक्य उभं राहत नाही. माणसासाठी ही, बाईसाठी शी, अन् मधात इज पाहिजेच."

"पाहिजेच," बुढी म्हणायची. अन् पुढच्या गुरुवारी परत विसरायची. मला वाटते मुद्दाम विसरायची. ती पोरगी उभी राहावी म्हणून.

एकदा फोन डब्यावरून घसरला. खाटेवरून लोंबकळलेले माझे पाय पोरांना दिसले. वर्गात गोंधळ. "फीट! फीट!" आमच्या पोरीनं लगेच धडाच घेतला, एक पाय म्हणजे फूट, दोन म्हणजे फीट. पोरांनी विचारलं, हे पाय कोणाचे. मी पाय वर घेतले, घोंगडीत घातले. बुढीला खोटं सुचेना. शेवटी म्हणाली, "नेबर." शेजारी. सहासात दिवस मग ती मलाच शेजारी म्हणत होती. "ओ शेजारी, चहा घेता का?"

वर्ष असंच गेलं. आता कोणी विचारेल, काय अडलं होतं रे तुझं? पाच मिनिटं बसायचं होतं. लोकांना मी सांगायचो, पोरीनं माझं ऐकलं नाही, मी कशाला तिच्या वर्गात तोंड दाखवू. बुढीलाही तेच सांगितलं. राग म्हटला की घरात कोणी पुढं विचारत नाही.

राग नव्हता. भेव होतं.

चौथीत असताना मास्तरनं मला उभं केलं अन् पुस्तक हातात दिलं. वाच. मला अक्षरं लागत होती, पण पोरं पाहून राहिली म्हटल्यावर एकही लागेना. मास्तर मारकुटा नव्हता. त्यानं वाट पाहिली. ते मारण्यापेक्षा वाईट. तास सरेपर्यंत मी पुस्तक धरून उभा. दुसऱ्या दिवशी बापासोबत नांगराला गेलो, ते गेलोच. साठ वर्षं झाली असतील त्याला. एवढी वर्षं मी कोणत्याही वर्गासमोर उभा राहिलो नाही. ग्रामसभेत बोलतो, बाजारात भांडतो, एसटीच्या कंडक्टरला ऐकवतो. पण चाळीस पोरं बाकावर बसून माझ्याकडं पाहतात अन् मी उत्तर द्यायचं, हे ऐकलं की माझ्या हाताला घाम येतो. हे मी बुढीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला माहीत आहे. म्हणाली असती, "पोरं काय खाऊन राहिले का तुमाले?" अन् मी बसलो असतो. म्हणून नाही सांगितलं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. पोरगी तिथं रुजू झाली त्या वेळी काही मायबापांनी शाळेत जाऊन तक्रार केली होती की इंग्रजीची मास्तरीन गोरी नाही. आम्हाला गोरी पाहिजे. हेडमास्तरनं तिला सहा महिने पाहतो म्हणून सांगितलं. सहा महिने ती रोज फाटकावर त्याच मायबापांना हात जोडत उभी राहिली. बुढीला हे सारं माहीत होतं. मला दोघींनी सांगितलं नाही, कारण मी म्हटलं असतं, ये मग वापस. खरंच म्हटलं असतं. तर चाळीस पोरांपुढं उभं राहायला भिणारा मी, अन् जिथं तिचा रंग कोणाला नको तिथं जाऊन उभी राहणारी ती. तिनं एक वर्ष बापाला नुसतं बस म्हटलं, अन् बाप घोंगडीत पाय घालून बसला.

तर बुधवार. अर्धं सूप सोलून झालं होतं. बुढी भात टाकायला उठली. जाताना म्हणाली, "निळा सदरा काढून ठेवतो तुमचा." मी म्हटलं, "पाहू." हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. पाहू म्हणजे आमच्या घरात नाहीच असते. तिला ते माहीत होतं. तरी आत पेटी उघडल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं ती दारात येऊन बसली. "छातीत कसंतरी होऊन राहिलं जी." पाणी दिलं. घाम फुटला होता. शेजाऱ्याची गाडी काढली. लाखांदूरच्या रस्त्यावर माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं, माझा हात तिच्या हातात. तालुका यायच्या आधीच तिच्या हातातली पकड सुटली. डॉक्टरनं पाहिलं, मान हलवली. भल्या माणसासारखा बोलला, पण त्याच्याजवळ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बारा वाजले होते.

शेजाऱ्यानं पोरीला फोन लावून माझ्या कानाला धरला. ती मास्तरांच्या खोलीत वह्या तपासत होती. मला अशा वेळी कसं बोलायचं ते येत नाही. म्हटलं, "तुयी माय गेली."

"कुठं गेली?" तिनं विचारलं. साधं विचारलं. दवाखान्यात गेली का, बाजारात गेली का, तसं.

चौथीत पुस्तक धरून उभा होतो तसाच मी उभा राहिलो. शेजाऱ्यानं फोन घेतला अन् तिला सांगितलं. मग बराच वेळ तो नुसता हं हं करत होता. शेवटी फोन परत माझ्याकडं दिला. पोरगी म्हणाली, "बाबा, मले पोचाले दोन दिवस लागन. मायले ठेवू नका माझ्यासाठी. होऊ द्या." आवाज बसलेला होता. मला वाटलं रडून बसला. मग आठवलं, दुपार झाली, चार तास शिकवून झाले असतील.

आमच्या घरची माणसं वावरातच जातात. धानाच्या बांध्या संपतात तिथं एक मोहाचं झाड आहे, त्याच्या बाजूला उंच जागा. तिथं माझा बाप, तिथंच माझी माय. बुढीला ऊन असतानाच नेलं. गाव होतं सारं. पायाखाली लाखोळी निळ्या फुलावर आलेली, माणसांनी तुडवली गेली. एरवी बुढी कोणाला त्यात पाय ठेवू देत नव्हती. परत आलो तेव्हा सपरीत सूप तसंच होतं. अर्धं दाणे, अर्धं शेंगा. खुंटीवर निळा सदरा.

गुरुवारी सकाळी शेजारीण चहा घेऊन आली, कारण आमची चूल पेटत नव्हती. मी खाटेवर बसलो होतो. घरात पाहुण्या बाया होत्या, त्या आपापसात हळू बोलत होत्या. आठ वाजता भिंतीच्या देवळीतला फोन वाजला. बुढीचा फोन. साऱ्या देवळीकडं पाहू लागल्या.

"राहू द्या जी भाऊजी," शेजारीण म्हणाली. "वाजून वाजून बंद होईन."

पोरगी त्या वेळी विमानतळाकडं जाणाऱ्या गाडीत होती. तिनं शाळेत घरी चालली एवढंच सांगितलं होतं, काय झालं ते सांगितलं नव्हतं. तिच्या तासाला तिकडचीच एक मास्तरीन वर्गात आली होती. तिला इंग्रजी जेमतेम. पोरं तिच्या मागं लागली की आज गुरुवार, फोन लावा, हा शेवटचा गुरुवार. तिनं लावला. हे सारं मला पोरगी आल्यावर समजलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की फोन वाजून राहिला अन् तो कोणाचा आहे ते मला माहीत आहे.

मी उठलो. खुंटीवरचा सदरा घातला. वरची गुंडी लागली नाही. फोन घेतला, खाली पोत्यावर बसलो, अन् शेजारणीला म्हटलं, "हिरवं दाबतात ना?" तिनं दाबून दिलं.

पोरं दिसली. फोनात मावणार नाहीत एवढी. मी फोन धरला तो बहुतेक वाकडा धरला, कारण ती हसत होती अन् वर पाहत होती. बुढी असती तर म्हणाली असती, पोराइले छपराचे कवेलू दाखवता का? मी सरळ केला. पोरं थांबली. म्हाताऱ्या बाईच्या जागी म्हातारा आला होता. मागून एक पोरगा हळूच म्हणाला, "फीट?" मग साऱ्यांना समजलं.

"गुड मॉर्निंग, ग्रँडफादर!"

"गुड मॉर्निंग," मी म्हटलं.

"हाऊ आर यू?"

"आय ॲम फाईन."

पाहुण्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं असेल, डोक्यावर परिणाम झाला. मला सारं येत होतं. एक वर्ष दोन हातांवर बसून ऐकलं होतं, कसं नाही येणार. हाताला घाम होता, फोन निसटत होता, तरी येत होतं. व्हॉट डिड यू ईट, विचारलं. काल दुपारपासून मी काही खाल्लं नव्हतं. सुपाकडं नजर गेली. पोपटाला इंग्रजीत काय म्हणतात ते बुढीनं कधी विचारलं नव्हतं. "राईस," मी म्हटलं. "राईस अँड वांगा."

"वांगा!" पोरं खूश झाली.

मग त्यांनी थोडी आपसात कुजबुज केली. ती तिकडची मास्तरीन बाजूला उभी होती, तिनं मान हलवली, विचारा. साऱ्यांनी एका सुरात विचारलं.

"व्हेअर इज ग्रँडमदर?"

चाळीस पोरं माझ्याकडं पाहत वाट पाहत होती. कोणी घाई केली नाही. दारातून समोरची बांधी दिसते, अन् तिच्या पलीकडं मोहाचा शेंडा.

"शी इन फील्ड," मी म्हटलं.

पहिल्या बाकावरची बारीक पोरगी उभी राहिली. बोट वर केलं.

"शी इज इन द फील्ड, ग्रँडफादर."

"शी इज," मी म्हटलं. "शी इज इन द फील्ड."

ती बसली. पोरांनी वह्या उघडल्या अन् लिहायला लागली. त्यांचं लिहून होईपर्यंत मी फोन सरळ धरून बसलो.